आणखी काही देता का?

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच कचऱ्यात टाकलं नसशील तर पुढे वाच. टाकलं असशील तर माझा अर्धा तास फुकट गेला.

दोन वर्षं आणि चार महिने झाले. मी काही मोजत बसले नव्हते, असं लिहिणार होते. पण तू माझी सख्खी बहीण आहेस, तुला ते खोटं लगेच कळलं असतं.

माझं बरं चाललंय. नवा गुडघा जुन्यापेक्षा गुणी निघाला, फक्त जिना उतरताना कुरकुरतो. आणि जिना उतरावाच लागतो, कारण आमची लिफ्ट महिन्यातले आठ दिवस बंद असते आणि उरलेले दिवस चालू असल्याचं सोंग करते. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी ट्रम्पेट शिकायला घेतलंय. वय वर्षं एकसष्ट. तू असतीस तर आपण दोघी पोट धरून हसलो असतो.

यांचं मात्र बरं नाही. बरं नाही म्हणजे ताप-खोकला नव्हे. गेल्या वर्षभरात माणूस हळूहळू हातातून निसटत चाललाय. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्यांनी, आणि आता चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात आणि घरात चोर शिरला म्हणून मला दटावतात. मागच्या मंगळवारी त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. मी म्हटलं, कुठे आहेत मुंग्या? तर म्हणाले, "तुला कधी काय दिसलंय?" हे इतकं जुन्या थाटात म्हणाले की मला घटकाभर बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटत्या गॅसवर रिकामं पातेलं ठेवून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पातेलं काळंठिक्कर पडलं.

चिरंजीवांनी धावपळ करून शहराबाहेर एक केंद्र शोधलंय. भान हरवलेल्या म्हाताऱ्यांसाठी. मी पाहून आले. स्वच्छ आहे, बाग आहे, नर्सा गोड बोलतात, आणि खोल्यांच्या दाराला आतून कडी नाही. १ मार्चला तिथे एक जागा रिकामी होते आहे. पोरगा वाईट नाही गं, घाबरलाय. म्हणतो, "आई, एक दिवस तू भाजी आणायला गेलेली असशील आणि घर पेटलेलं असेल." खोटं नाही त्याचं. पण आतून कडी नाही हे लक्षात येणार नाही, इतके हे अजून गेलेले नाहीत. मला ते तिथे नको आहेत. मुलाला हे धड सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

आता मुद्द्यावर येते. त्या दिवशी जेवताना तू पाहुण्यांसमोर यांच्या गोळ्या मोजल्यास आणि म्हणालीस, "भावजी, एवढ्या गोळ्या पचवायला वेगळं पोट लागेल." हे भडकले. खिडकीमागे बसून पुड्या देणाऱ्यांनी डॉक्टरकी शिकवू नये, असं काहीतरी बोलले. मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखिडकीत तू एकतीस वर्षं काढलीस, त्याची अशी संभावना केली त्यांनी. आणि मी? तुझी बाजू घ्यायची सोडून तुझी पिशवी आणून तुझ्या हातात दिली. तुझा चेहरा अजून दिसतो मला.

तर विचारायचं ते हे. तू म्हणालीस ते खरं असू शकतं का? निव्वळ गोळ्यांनी माणूस असा होऊ शकतो का? फोन केला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

सोबतच्या कागदावर गोळ्यांची नावं लिहिली आहेत. नऊ आहेत. सकाळ-दुपारचा दिवस असा जातो की जीव टांगणीला असतो. संध्याकाळी दूध पिऊन साडेसातलाच झोपतात, तेवढा वेळ शांत. मी शब्दकोडं घेऊन बसते.

उत्तर दिलंस तर उपकार होतील.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी
दवाखाना, दुसरा मजला, बाहेरचा बाक

प्रिय बारके,

तुझी चार पानं मिळाली. चार पानं, आणि त्यात रागाची एकच ओळ! मी ती ओळ तीनदा वाचली. लायकीच होती माझी.

वरचा पत्ता वाचून दचकू नकोस, सांगते.

तू लिहिल्याप्रमाणे पलंगावर पांढरी चादर पसरली आणि घरातली प्रत्येक गोळी त्यावर ओतली. हे शेजारी खुर्ची टाकून बसले होते, पोलिसांनी झडती घ्यावी तसा चेहरा करून. नऊ कसल्या, चौदा प्रकार निघाले. खालच्या कपाटात यांचे बिस्किटांचे डबे आहेत ना, चिठ्ठ्या लावलेले, त्यात मी कधी हात घातला नव्हता. ते यांचं स्टोअर. तिथला नियम तुला माहीत नसेल: जुना माल आधी संपवायचा, नवा नंतर उघडायचा, आणि साठा खाली गेला की लगेच मागणी नोंदवायची. दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या डॉक्टरांनी एक गोळी बंद करून दुसरी दिली. यांनी नवी सकाळी सुरू केली, आणि जुनी "वाया कशाला घालवायची" म्हणून दुपारी चालूच ठेवली. बरं, ती संपायला आली की जुना कागद दाखवून पुन्हा आणायचे! दुकानदाराने कधी विचारलं नाही. तू बजावलं होतंस की नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच असू शकतं, पाकिटामागचं बारीक अक्षर वाच. वाचलं, दोन्हीत तेच. म्हणजे दोन वर्षं माणूस दुप्पट घेत होता. मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "स्टोअर असंच चालतं."

त्या गोळीने पायाला सूज. सुजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली. सारखं जावं लागतं म्हणून तिसऱ्यांनी लघवी थांबण्याची दिली. आणि तू ज्या गोळीखाली दोन रेघा मारल्यास ती हीच, जिने तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं गढूळ होतं. मग डोकं गढूळ झालं म्हणून चौथ्यांनी स्मरणशक्तीची! एकाही डॉक्टरने दुसऱ्याचा कागद पाहिला नव्हता, आणि कागद पिशवीत घालून चौघांकडे मीच हिंडत होते. तुझं पान मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशीला आधी का नाही विचारलं?" मी म्हटलं, पाणी आण.

आम्ही डॉक्टरांना दाखवणार होतो त्याच्या आदल्या दिवशी, १५ तारखेला सकाळी, हे न्हाणीघरात पडले. हाड वाचलं. कपाळाला चार टाके. इथे दाखल केलं. इथल्या डॉक्टर बाई आपल्या चिरंजीवांच्या वयाच्या आहेत, केसांत पेन खोचून हिंडतात आणि मग पेन शोधतात. त्यांना तुझी चार पानं दिली. उभ्याउभ्याच सगळी वाचली आणि विचारलं, "या कोण?" माझी बहीण, म्हटलं. बारके, इतक्या तोऱ्यात मी कित्येक वर्षांत काही बोलले नव्हते.

त्यांनी काही गोळ्या लगेच थांबवल्या, काहींचं प्रमाण उतरवलं. म्हणाल्या, दोष गोळ्यांचा असेल तर आठ-दहा दिवसांत डोकं निवळायला लागेल. २५ तारखेपर्यंत पाहू. नाही निवळलं तर दुखणं मेंदूचंच, असं लिहून द्यावं लागेल. केंद्रवाल्यांना तो कागद लागतो. मुलाने बाकीचे फॉर्म भरून ठेवलेत, एक सही तेवढी राहिली आहे.

त्यांनी मला विचारलं, "याशिवाय आणखी काही देता का? सिरप, काढा, दुकानातून सहज आणलेलं, घरातल्या दुसऱ्या कुणाचं?" मी म्हटलं, नाही. सगळं चादरीवर होतं. मी सगळं सांगितलं.

पहिले दोन दिवस ठीक गेले. परवापासून हात थरथरायला लागले. नुसते हात नाहीत, हनुवटीसुद्धा. घामाने उशी भिजते. डोळ्याला डोळा नाही. काल सुई उपटून काढली, मग मनगटं मऊ पट्टीने पलंगाला बांधावी लागली. मी कपाळावर हात ठेवायला गेले तर सिस्टरला म्हणाले, "या बाईंना बाहेर काढा." मुलगा म्हणाला, "बघितलं ना गोळ्या बंद करून? झालं समाधान?" तोही रडवेला झाला होता.

हे असं का गं? गोळ्या कमी केल्यावर माणूस सुधारायला हवा ना? डॉक्टर बाई रोज कागद उलटसुलट पाहतात आणि त्यांना ताळमेळ लागत नाही. तुला काही सुचतं का, लवकर लिही. मुलगा शेजारी असतो, त्यामुळे फोनवर बोलणं जमायचं नाही.

तुझी,
ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं कार्ड २२ तारखेला मिळालं. दोनच ओळी. "ताई, अशी थरथर कुठलीतरी गोळी एकदम बंद झाली की सुटते. कुठली?"

पुढे प्रश्नचिन्ह काढून तू पेन तसंच दाबून धरलं होतंस बहुतेक, शाई पसरली होती. तुला तेव्हाच कळलं होतं का? मी ते कार्ड पर्समध्ये घातलं आणि एक अख्खा दिवस तसंच बाळगलं. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. सिस्टर म्हणाली, आजी, इथे चोऱ्या होत नाहीत.

आता लिहिते. तुला सगळं कळायला हवं, आणि माझ्याकडूनच कळायला हवं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मी यांना देत होते. आठ महिने, रोज संध्याकाळी, दुधात कुटून. जास्त साखर घालून, म्हणजे कडू लागू नये.

सुरुवात अशी झाली. ऊन कलायला लागलं की यांची उलघाल सुरू व्हायची. स्टोअरच्या किल्ल्या मागायचे. दाराशी उभे राहून कडी खालीवर करायचे, तासतासभर. एका संध्याकाळी माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाले, "आपण कोण? आपल्याला कोणाला भेटायचंय?" मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन अर्धी गोळी कुटली. त्या दिवशी ते शांत झोपले. मग अर्धीची एक झाली. माझ्या नावावर मी दोन दुकानांतून आणायची. एका दुकानात मोडकी छत्री आणि दुसऱ्या दुकानात चांगली छत्री घेऊन जायची, म्हणजे दोन्हीकडची बाई एकच हे कुणाला कळू नये! काय काय सुचतं माणसाला.

त्यांच्यासाठीच दिली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पहिले आठ-दहा दिवस तसं असेलही. पण नंतर साडेसात वाजता घर गप्प झालं की मी दिवा ओढून घ्यायची, पाय वर घ्यायची आणि कोडं सोडवायची. ते दोन तास माझे होते. मला ते आवडायला लागले होते, बारके. पाच वाजल्यापासूनच मी घड्याळाकडे बघायची. त्यांना झोप यावी म्हणून नव्हे, मला सुटका हवी होती म्हणून मी दूध तापवत होते. आणि सकाळी ते झोकांड्या देत उठायचे तेव्हा सगळ्यांना सांगायची, बघा, किती वेगाने खालावतायत.

१५ तारखेला ते पडले तेही त्या गुंगीतच पडले असतील. असतील कशाला, पडलेच.

चादरीवर ती डबी ठेवली नाही, ती माझ्या शिलाईच्या पेटीत होती. डॉक्टर बाईंनी इतकं सोपं करून विचारलं, घरातल्या दुसऱ्या कुणाचं? तेव्हा मुलगा शेजारी उभा होता, तुझी पानं त्यांच्या हातात होती, आणि मला वाटलं, आठ दिवस गोळी बंद राहिली की आपोआप मिटेल, कुणाला कळायचंही नाही. बंद केल्यानेच त्यांची ही दशा होईल हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तरी त्या क्षणी मी नाहीच म्हटलं असतं, हेही लिहून ठेवते.

२३ तारखेला सकाळी मुलगा केंद्राचा फॉर्म घेऊन आला. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून दोन दिवस आहेत, पण खरं सांगायचं तर मला फारशी आशा वाटत नाही. आणि मुलाने खिशातून पेन काढलं. हे आत पट्टीला हिसके देत होते, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी पर्समधून तुझं कार्ड काढून बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मी खोटं बोलले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तीनच गोष्टी विचारल्या: कुठली, किती, शेवटची कधी. मी सांगितलं. त्या धावतच आत गेल्या. नंतर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर फिट येऊ शकली असती, या वयात तिच्यातून माणूस परत येईलच असं नाही. आता ती गोळी मोजून देतात, आठवड्या-आठवड्याने कमी करत नेणार आहेत. दोन-तीन महिने लागतील.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "आई, मी सही करणार होतो गं." बस, एवढंच. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला डबा आणून देतो, तो शेजारी ठेवतो, हातात देत नाही.

तिसऱ्या दिवशी थरथर उतरली. पट्ट्या सोडल्या. काल सकाळी यांनी चष्मा मागितला, पेपर मागितला, आणि पेपर कालचा आहे म्हणून वॉर्डबॉयला झापलं. डॉक्टर बाईंनी तारीख, वार, पत्ता असलं बरंच काही विचारलं. दोन चुकले, बाकी सगळं बरोबर. त्या म्हणाल्या, थोडं विस्मरण वयाचं असेलच, पण हा माणूस कुलपात ठेवायचा नाही. मुलाने केंद्राला नको म्हणून कळवलं. मी जिन्यात जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

आज सकाळी यांनी विचारलं, "मला नेमकं काय झालं होतं?" मुलगा खाली गेला होता. मला टाळता आलं असतं. नाही टाळलं. दुधापासून छत्रीपर्यंत सगळं सांगितलं, कोड्याचंही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर भिंतीकडे कूस वळवली.

दुपारी सिस्टरने गोळी बशीत ठेवली आणि तिला पलीकडच्या खाटेवरून हाक आली. सवयीने मी पेल्यात पाणी ओतलं आणि गोळी त्यांच्यापुढे धरली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, त्यांच्यापुढे काही ना काही धरतेच आहे. त्यांनी ओठ मिटून घेतले. माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी ओळखून पाहिलं, आणि म्हणाले, "राहू दे. सिस्टर येऊ दे."

ते पूर्ण भानावर आलेत याची माझी खात्री पटली ती तेव्हा. इतके दिवस मी हेच मागत होते ना? मिळालं. मी पेला परत ठेवला.

मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. जाऊ नको." मी बसले.

शुक्रवारी घरी सोडणार आहेत. एक अट आहे: औषधं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात हवीत. मुलगा आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावी असतो. बाईंनी विचारलं, दुसरं कोण आहे? मी तुला न विचारता तुझं नाव सांगितलं. गोळी कमी होईपर्यंतचे दोन-तीन महिने. तुझी खोली मी झाडून ठेवेन. डबे, कागद, शिलाईची पेटी, सगळं तुझ्या ताब्यात. माझ्या हातचं त्यांनी नुसतं जेवण जेवावं, तेही जेवतील तेव्हा.

यांना सांगितलं, बारकीला बोलावतेय. तर विचारलं, "मी तिला तसलं बोललो होतो, तरी येईल?" मी म्हटलं, पत्र टाकून बघते.

तू काय ते ठरव. येणार नसशील तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त हो असो की नाही, ते मला लिहू नकोस, सरळ त्यांच्या नावाने पत्र टाक. माझ्या हातून आलेलं ते इतक्यात घेणार नाहीत.

तुझी,
ताई